बटणांचा डबा

नाताळाआधी आमच्या चर्चच्या मंडळीत गंगापूरकडच्या एका खेड्यातल्या मंडळीसाठी कपडे गोळा होतात. मी दरवर्षी उस्मानपुऱ्यातून नवा शर्ट घ्यायचो आणि जुना त्या गाठोड्यात टाकायचो. टाकण्याआधी त्याची बटणं कापून डब्यात ठेवायचो. आई फरशी पुसायला काढलेल्या कपड्यांची बटणं तशी काढायची. मी देण्याच्या कपड्यांचीही काढली. त्यात काही वावगं आहे, हे मनातसुद्धा आलं नाही.

एका नाताळात पाळकांबरोबर मीही तिथं उपासनेला गेलो. चर्चच्या दारात स्वागताला उभ्या असलेल्या, त्या मंडळीच्या म्हाताऱ्या पंचांच्या अंगावर माझाच निळा शर्ट होता. सहा बटणं, सहा रंगांची.

मी बघतोय हे पाहून ते हसले. "शहरातली माणसं लई घाईची, भाऊ. बटणं लावायच्या आधीच शर्ट देऊन टाकतात! आमच्या हिनं घरभर शोधून लावली."

प्रार्थनेला खाली घातलेली मान वर करवेना.

पुढच्या नाताळात नवा शर्ट आणि तो डबा घेऊन गेलो आणि खरं सांगितलं.

"व्हय, तुमच्या तोंडावरनंच वळखलं होतं," ते म्हणाले. डबा त्यांनी बायकोकडं दिला, शर्ट शेजाऱ्याला. स्वतः निळाच घालून होते.

आता दरवर्षी नवा शर्ट तिकडं जातो आणि जुना मी घालतो. बायको म्हणते, "फोटोत पुन्हा तोच!" तोच. अंगाला छान बसलाय.