पायरीखालून दिलेलं उत्तर

भोरमधल्या एका बड्या वकिलांच्या ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या. शिष्यवृत्ती देणारी मंडळी बसली होती. समोरची खुर्ची उमेदवाराची. माझ्या आधीचा मुलगा तिच्यावर बसून बोलला. मी पुढं झालो, तशी गड्यानं ती उचलून आत नेली.

मी अंगणात उभा राहिलो. पायरीखाली. उत्रोलीच्या महारवाड्यातला पहिला कायद्याचा पदवीधर. विलायतेत आंतरराष्ट्रीय कायदा शिकायचा होता. महायुद्ध नुकतंच संपलेलं. देशादेशांचे तंटे कायद्यानं मिटवायची भाषा वर्तमानपत्रांत रोज येत होती. त्या कामात आपलाही माणूस असावा, एवढंच डोक्यात.

वकील म्हणाले, "या कायद्याचं मूळ तत्त्व सांग."

"राष्ट्र लहान असो, मोठं असो, कायद्यापुढं सारखंच."

"राष्ट्रं बसू देत शेजारी शेजारी. तू आहेस तिथंच बरा."

सगळे हसले. फाटकापाशी माझे आबा उभे होते, हात जोडून. तेही हसले. त्यांना काही कळलं नव्हतं. मालक हसले, म्हणून हसले. ते हसू अजून माझ्या काळजात रुतलंय.

माझ्या मार्कांना नावं ठेवायला जागा नव्हती. शिष्यवृत्ती मंजूर झाली. पण वकिलांनी अट घातली.

"परत आल्यावर भोरच्या कोर्टात वकिली करायची नाही. तुझ्या शेजारी आम्ही बसणार नाही."

आबांनी मान हलवून खुणावलं. घे.

"अट मान्य नाही," मी म्हणालो. "शिष्यवृत्तीही नको."

भातखाचरांच्या बांधावरनं घरी निघालो. वाटेत आबा म्हणाले, "व्हय म्हणाला असतास तर लांब गेला असतास. सुटला असतास."

"आन् तुमी?"

"आमचं काय."

मरेपर्यंत आबा पाहुण्यारावळ्यांना सांगत राहिले, माझा पोरगा विलायतेला जायचा व्हता. मी ऐकत बसायचो. मलाही जायचंच होतं. ते दुःख सरलेलं नाही, सरणारही नाही.

सनद घेतली आणि भोरच्याच कोर्टात उभा राहिलो. पहिल्याच दिवशी त्या वकिलांनी मला पाहून तोंड फिरवलं. फिरवू देत. मी हितून हलणार न्हाई.