वाढ्यावरचे बोकड

माझे गाइड सर परदेशातली चांगली प्रयोगशाळा सोडून बीड जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात आले, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं. माजलगावच्या रस्त्याला लागून प्रयोगशाळेची खोली, कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दणदणत जाणार, आणि सरांचं काम केसाएवढ्या रक्तवाहिनीवर! ट्रॅक्टर आला की सूक्ष्मदर्शकाखालची वाहिनी थरथरायची. सर हात वर उचलायचे, तो जाईपर्यंत थांबायचे आणि पुन्हा दोऱ्याची गाठ मारायला घ्यायचे. तोवर मी चिमटा आपटलेला असायचा.

सरांनी उभं आयुष्य आयन चॅनलवर घालवलं. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूच्या पेशी असतात आणि त्या पेशींच्या आवरणात अतिशय बारीक दारं. एका दारातून कॅल्शियम आत शिरलं की स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते, रक्तदाब चढतो. दुसऱ्या दारातून पोटॅशियम बाहेर पडलं की ती सैल होते. हे दुसरं दार उघडेल असं एक रसायन सरांनी शोधलं होतं. ते खरंच उघडतं का, हे तपासणं म्हणजे माझी पीएचडी. सकाळी खाटकाकडून बोकडाची ताजी आतडी बर्फात घालून आणायची, त्यातली वाहिनी सोडवायची आणि वर रसायनाचे थेंब टाकायचे. वाहिन्या अशा झकास उघडायच्या की मी हरखून जायचे.

प्रबंध टाइप झाला. पदवी हातात पडली की एका कॉलेजातली नोकरी ठरल्यासारखी होती आणि त्या नोकरीवर माझं लग्न. अशात सरांनी शेवटचं वाचताना विचारलं, "रसायनाचे प्रयोग हिवाळ्यात केले ना? आणि बिनरसायनाचे?"

"उन्हाळ्यात, सर."

सरांनी चष्मा काढला. "घात झाला गं. हंगामात इथले बोकड वाढ्यावर असत्यात. मलाच आधी कळायला पाहिजे होतं."

सरांचे आईवडील ऊसतोडीला जायचे आणि बैलांपुढं वाढे टाकत सर लहानाचे मोठे झालेले. वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. जनावर नुसत्या वाढ्यावर ठेवलं की त्याच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून जाणती माणसं वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात. आमचा सगळा खेळ कॅल्शियमचा; ते कमी पडलं की वाहिनी आपसूकच सैल. वाहिन्या रसायनानं उघडल्या की चाऱ्यानं, हे आता कोण सांगणार? दोन्ही प्रयोग एकाच हंगामात, शेजारी शेजारी, पुन्हा करायचे असं सर म्हणाले. म्हणजे अख्खं वर्ष.

माझा पारा चढला. "सर, परीक्षकांना कोण सांगायला जाणारंय बोकडांनी काय खाल्लं ते?"

"कुणीच न्हाई," सर म्हणाले. "म्हंजे आपल्यालाच सांगावं लागल."

महिनाभर मी घरी फणफणत होते. शेवटी आईच मला घेऊन युसूफ वडगावहून एसटीनं आली आणि थेट प्रयोगशाळेत शिरली. "सर, पोरीचं लगीन अडलंय, आन तुमी बोकडायचं वाढं काढून बसलात व्हय?"

सरांनी वाद घातला नाही. आई रक्तदाबाची गोळी घेते हे त्यांना ठाऊक होतं. त्याच औषधाचा थेंब त्यांनी एका वाहिनीवर टाकला आणि तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. कॅल्शियमचं दार बंद करणारं औषध ते. आई कितीतरी वेळ एक डोळा मिटून बघत राहिली. "उघडली की वो!" ती ओरडली. मग वळून म्हणाली, "आन ह्ये खरं हाय का न्हाई, त्येच तपासताव व्हय तुमी?"

परतताना एसटीत बसता बसता ती मला म्हणाली, "मानूस खोट्यातला न्हाई. कर बाई परत."

पुढच्या हंगामात सगळं नव्यानं केलं. वाढ्यावरच्या बोकडांच्या वाहिन्या रसायनाशिवायही तशाच उघडत होत्या. रसायनाचा स्वतःचा गुण जवळजवळ शून्य. तक्ता बघून सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. माझं वर्ष गेलं म्हणून मी चिडले होते. त्यांचं काय गेलं हे मला तेव्हा कळलं. मला फार वाईट वाटलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध मिटला. "यात हाती काहीच लागलेलं नाही. ही कल्पना मुळात कुणाची?"

सरांचं नाव मी कसं घेणार?

सर मागच्या खुर्चीवरून उठले. "माझी. आयुष्यभर धरून बसलो होतो. ती चूक आहे, हे या मुलीनं सिद्ध केलंय. तिला विचारा, ती सांगेल."

मला रडूच फुटलं. मग डोळे पुसून मी पहिल्या प्रयोगापासून सांगायला लागले, आणि सर पुढच्या बाकावर येऊन विद्यार्थ्यासारखे ऐकत बसले.