साडूंच्या वावरातला रविवार

यवतमाळ जिल्ह्यात वेळेच्या बाबतीत सगळ्यांत श्रीमंत माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक माझ्या थोरल्या साडूंकडे बोट दाखवीन. गंमत म्हणजे घाटंजीत त्यांचं दुकान आहे घड्याळांचं. भिंतीवरची सगळी घड्याळं आपापल्या मर्जीने चालतात आणि साडूंच्या मनगटावर एकही नसतं. शनिवारी दुपारी शटर खाली येतं आणि त्यावर पाटी लागते : 'तातडीचे काम असल्यास सोमवारी यावे.' मग स्कूटरच्या पायदानावर पेटी, पाठीवर रंगांची पिशवी, आणि स्वारी गावाबाहेरच्या वावराकडे निघते. स्कूटर इतकी सावकाश, की पायी जाणारे लोक त्यांच्याशी गप्पा मारत बरोबरीने चालतात.

वावरातली कपाशी आणि तूर बटाईदार बघतो. साडू बघतात ते फक्त नाल्याकाठचं मोहाचं झाड. त्याखाली बाज टाकून ते त्या झाडाचं चित्र काढतात. चित्राला सुरुवात झाली श्रावणात, झाड हिरवंगार असताना. ब्रश वरच्या फांद्यांवर पोचेपर्यंत फाल्गुन उजाडला आणि पानं गळून गेली. साडू इमानदार माणूस. दिसलं तसं काढलं. त्यामुळे कागदावरचा मोह कमरेपर्यंत श्रावणातला आणि वरती फाल्गुनातला. मी म्हटलं, "वरची पानं मनानं काढा ना." तर म्हणाले, "वा जी! झाडानं टाकून देल्ली, अन् म्या कायले चिटकवू?" गाण्याचंही तसंच. पेटीवर सूर धरून भजनाला आरंभ करणार, तेवढ्यात दयाळ पक्षी शीळ घालू लागला की हे भाता सोडून बसतात. "पहिले त्याचं होऊ द्या," म्हणतात.

अशा या माणसाच्या एकुलत्या एका मुलीला, म्हणजे आमच्या मनूला, अमरावतीच्या एका मुलाने पसंत केलं आणि मनूनेही त्याला. आता मोठ्यांनी भेटायचं तेवढं राहिलं होतं. मुलाचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी कळवलं, रविवारी दुपारी येतो, चारला परत निघायचं आहे. साडू शांतपणे म्हणाले, "रविवारी म्या वावरात असतो. तिथंच बोलवा." माझी मेव्हणी रडायचीच बाकी राहिली. "लोक काय म्हणतीन? पोरीचं जमून आलेलं मोडान तुम्ही!" मी मनूकडे पाहिलं. वाटलं, ही तरी बापाला समजावील. ती म्हणाली, "मावसाजी, तिथंच आणा त्यायले. माह्या बाबाले पाहून ज्याले परत जावंसं वाटते, त्याच्या घरी मले जायचंच नाही."

पाहुण्यांना मी माझ्या गाडीतून वावरात नेलं. मुख्याध्यापक वाटेत सारखे घड्याळ बघत होते. आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पोचलो तर साडूंनी लांबूनच हात वर केला आणि तोंडावर बोट ठेवलं. दयाळ गात होता. इस्त्रीच्या कपड्यांतले व्याही, व्याहीण, नवरा मुलगा, सगळे उन्हात तसेच उभे. पक्ष्याचं आटोपल्यावर साडू हात जोडून उठले. "या जी, बसा. त्याचं मधातच तोडलं असतं तं बरं दिसलं नसतं."

व्याह्यांच्या कपाळावर आठी. पण व्याहीणबाईंची नजर चित्रावर गेली. "हे झाड वरून वाळून गेलं का हो?" साडूंनी सगळी हकीकत सांगितली, तशा त्या पदर तोंडाला लावून खुदुखुदू हसू लागल्या. मेव्हणीने चहा ओतला, मनूने सगळ्यांना चिवडा वाढला. साडूंनी पेटी पुढे ओढून भजन धरलं. आवाज बेताचा, पण जीव ओतलेला. दुसऱ्या कडव्याला मला ठेका ऐकू आला. बघतो तर मुख्याध्यापकांची बोटं चिवड्याच्या रिकाम्या डब्यावर! सुरुवातीला लाजत, मग चांगली खणखणीत. मुलगा बापाकडे बघतच राहिला. "बाबा, तुम्हाले वाजवता येते?"

"गावात भजनी मंडळात ढोलकी माह्याकडंच होती," ते म्हणाले. "हेडमास्तर झालो अन् राहून गेलं."

चार कधी वाजले कुणाला कळलंच नाही. नाल्यापलीकडच्या पळसांवरचं ऊन उतरलं, तेव्हा व्याहीणबाईंना आठवण झाली. "अहो, पोरीले तं काहीच विचारलं नाही आपण!" मुख्याध्यापक डबा बाजूला ठेवत म्हणाले, "आता विचारायचं काय? पुढच्या रविवारी येतोच ना म्या, ढोलकी घेऊन."

लग्न उन्हाळ्यात झालं. मनू अमरावतीला गेली. मेव्हणीला वावरात जाऊन बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा वाटायचा. ती आता घर खायला उठतं म्हणून शनिवारी डबा बांधून स्कूटरवर मागे बसते. परवाच्या रविवारी मी गेलो, तर दोघं बाजेवर शेजारी शेजारी. साडू पेटीवर काहीतरी हळू वाजवत होते. मधेच थांबले.

"मनूले फोन लाव बरं."

"आत्ताच तं लावलता," मेव्हणी म्हणाली.

साडूंनी पेटीचा भाता बंद केला.

"मंग पुन्हा लाव," ते म्हणाले.