पहिलं माज्या घरचं

चाकण पट्ट्यातल्या एका गावचा आबाजी हा ग्रामपंचायतीचा भारी हौशी सदस्य. रस्त्यावर सौरदिवे आणले, कचरा जाळणं बंद केलं. इथवर लोकांनी माना डोलावल्या. पण गडी स्मशानात गॅसची शवदाहिनी आणून बसला, तेव्हा मात्र सगळं गाव फिरलं.

"एकेका मयताला झाड जातं राव," ग्रामसभेत तो कळवळून सांगत होता. "अन् धूर किती! कंपन्यांचा कमी हाय का?"

"आदी कुणाला घालायचं त्यात?" मागून कुणीतरी ओरडलं.

आबाजीने छाती ठोकली. "पहिलं माज्या घरचं!"

त्याच्या मनात होती नव्वदीला टेकलेली आई, अंबुबाई. म्हातारीनेही हसत होकार दिला होता. माणूस असं बोलून जातो हो, पुढचं काही ध्यानीमनी नसतं.

दिवाळीच्या तोंडावर पहिल्या शिफ्टला जाताना आबाजीचा एकुलता एक मुलगा शेखर कंटेनरखाली गेला.

दारात लाकडांचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. दिल्या शब्दाची आठवण कुणी काढली नाही, भली माणसं! पण ती गप्प तोंडंच आबाजीला खायला उठली. आज माघार घेतली, तर ती शवदाहिनी कायमची गंजणार.

"ती जागा माजी हुती रं!" अंबुबाई ऊर बडवत होती.

बायकोने, कस्तुराने, त्याचे पाय धरले. "शब्द तुमचा हुता, पोरगं माजं हाय. बांधावरच्या आंब्याचं लाकूड द्या त्याला. त्याच्याखालीच खेळला त्यो."

"ट्रॅक्टर माघारी न्या," आबाजी म्हणाला.

बटण त्यानेच दाबलं. तासा-दीड तासात सगळं आटोपलं.

मग गावाची भीड चेपली. एकामागून एक मयतं तिथेच जाऊ लागली. झाडं वाचली, पंचायतीचं कौतुक झालं. घरात मात्र कस्तुरा त्याच्याशी अवाक्षर बोलेना. ताट पुढे सरकवायची, बस्स. काळीज करपून गेलं होतं बाईचं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी ती घरात दिसेना. आबाजी धावत शेतावर गेला. कस्तुरा आंब्याच्या बुंध्यावर कुऱ्हाड घालत होती. हातांची सालटी निघाली होती.

"अगं, काय करतीस हे?"

वर्षाने तिने तोंड उघडलं. "माजी लाकडं तोडतीया. मला त्या पेटीत घालू नका."

त्याने तिच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. ती पदर खोचून भांडायच्या तयारीने समोर उभी राहिली. आबाजीने बाह्या वर सारल्या आणि रडत रडत बुंध्यावर घाव घालायला सुरुवात केली.