ट्रॉलीवरची नाव

मुंबईत एका कुटुंबाचे बाळ सांभाळणाऱ्या आमच्या गावच्या ताई, देशभर गाजलेल्या जहाज दुर्घटनेतून त्या बाळाला छातीशी धरून वाचल्या. त्या माजलगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परतल्या, तेव्हा सत्कार ठरला. सत्काराला मिरवणूक हवी आणि मिरवणुकीला प्रसंगाशी सुसंगत देखावा हवा, असा आमच्याकडचा नियम आहे. म्हणून पुढाऱ्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर थर्माकोलची नाव उभारली. सूत्रसंचालन माझ्याकडे होते.

नाव पाहताच ताई दोन पावले मागे सरल्या. "मी न्हाई बसायची ह्यात," त्या म्हणाल्या.

पुढारी हसले. "आवो ताई, हितं प्यायला पानी न्हाई, बुडायला कुठून येईल? बसा, काई हुत न्हाई."

"तितंबी असंच म्हनले व्हते."

परंतु सजवलेली नाव रिकामी नेणे शिष्टाचारात बसत नव्हते. अखेर पुढारी स्वतःच चढले आणि ताई मागून पायी निघाल्या. चौकात पुढाऱ्यांच्या गळ्यात हार पडू लागले, तेव्हा एका आजोबांनी मला विचारले, "गुर्जी, ह्ये कवा बुडाले व्हते?"

खुलासा करण्यासाठी मी मागे वळून बोट दाखवले. पण तोवर ताई गल्लीतून घरी निघून गेल्या होत्या.