पणजोबांचं शेत आणि साडूंचा राग

माझे साडू चिडलेले नसतील तेव्हा झोपलेले असतात, आणि माझ्या थोरल्या मेहुणीवर विश्वास ठेवायचा तर झोपेतही ते चिडलेलेच असतात. अख्ख्या नवी मुंबईत एवढा राग दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला असेल असं मला वाटत नाही. मूळचे साताऱ्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं वाशीच्या मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर मुकादमी करण्यात गेली, त्यामुळे आवाज ट्रकच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या बेताने घडलेला. निवृत्त होऊन ते ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये आले, आवाज मात्र मार्केटातलाच राहिला. पावण्याच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तिथे लेथ सुरू असली की शेजारच्या माणसाचं बोलणं मला कळत नाही, पण साडूंचा फोन खिशातून ऐकू येतो.

रागवायला त्यांना विषयाची वाण नाही. लिफ्टमधली बाई मजल्याचा नंबर पुकारते याचा त्यांना राग येतो, "मला मोजता येत न्हाई का?" असं ते तिला रोज विचारतात. कुणी सेक्टरचा नंबर सांगून पत्ता दिला की चिडतात. "गावाला नाव असतं पाव्हणं, नंबर कैद्याला असतो!" आयटी पार्कमधून सुटलेली पोरं गळ्यातलं ओळखपत्र न काढताच चहाला उभी राहिलेली दिसली, की "सुट्टी झाली तरी दावं गळ्यात?" हे त्यांना ऐकवल्याशिवाय साडू पुढे जात नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी गुड मॉर्निंग टाकलं की यांचं उत्तर येतं, "कसलं गुड? पाणी कुठाय?" एकदा स्टेशनबाहेरच्या भाजीवालीला त्यांनी टोमॅटो पिचके म्हणून असं झापलं, की लोक गोळा झाले. नंतर तिची उरलेली सगळी पाटी त्यांनीच विकत घेतली, कारण हा माल दुसरं कोण घेणार, आणि ती घरी जाणार कधी? आठवडाभर मेहुणीने टोमॅटोचं सार केलं आणि मग ती चिडली. एका घरात दोन माणसं रागावलेली चालत नाहीत, म्हणून साडू तेवढे दिवस माझ्याकडे येऊन रागावत होते.

तर अशा माणसाला त्यांच्या भावकीने एक शांतपणे करायचं काम दिलं. गावी साडूंच्या पणजोबांच्या नावाने देवळापुढे सभामंडप बांधायला घेतला होता. त्यावर एक शिळा बसवायची, तिच्यावर पणजोबांचा चार ओळींत जीवनपट कोरायचा. साडू रिकामे होते आणि त्यांच्याकडे चष्माही होता, म्हणून काम त्यांच्याकडे आलं. भावकीला मजकूर आधीच ठाऊक होता: पणजोबांनी रक्ताचं पाणी करून माळरान पिकवलं, थोर शेतकरी, कोटी कोटी प्रणाम. साडूंनी तेवढं लिहून द्यायचं होतं. पण त्यांना फुकटचा राग सोडला तर फुकटचं काही आवडत नाही. "पुरावा काढतो," म्हणाले, आणि जेवणाच्या टेबलावर सातबारे, फेरफार, वंशावळी आणि पीकपाण्याच्या जुन्या नोंदींच्या नकला येऊन पडल्या. मेहुणी ताटं मांडीवर घेऊन वाढू लागली. जुन्या नोंदी मोडीत होत्या. त्या वाचून देणाऱ्या गृहस्थांवर साडू असे खेकसायचे, जणू ती लिपी त्यांनीच काढली होती. "हात उचलायचा कंटाळा होता का लिहिणाराला?"

आणि मग एक दिवस ते खरोखर चिडले. आधीचा सगळा राग मला त्या दिवशी गोड वाटला. झालं होतं असं, की शेत कोण कसतं त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द होता, 'खुद्द'. म्हणजे पणजोबा स्वतः. पण पणजोबा तर तरणेपणीच मुंबईला गोदीत हमालीला गेले आणि म्हातारे होऊन गावी परतले, ही त्या घराण्याची आवडती फुशारकी होती. लग्नात, बारशात, जो भेटेल त्याला ऐकवलेली. साडूंनी तालुक्याच्या ऑफिसात टेबलावर हात आपटला. "हा माणूस गोदीत पोती वाहतोय आन हितं नांगरतोय? एकाच वेळी?" कारकून बिचारा पाणी पिऊन म्हणाला, "काका, घरातल्या कुणीही शेत कसलं, तरी खुद्दच लिहायचे."

"घरात कोण व्हतं?"

"ते तुम्हाला माहीत."

घरात पणजी होती आणि तिची लहान पोरं होती. दुसरं कुणी नव्हतं.

तेव्हापासून साडूंनी पणजीचं नाव शोधायला घेतलं. आणि खरं सांगतो, तोवर त्यांच्या रागाची थट्टा करणारा मीही मनातून तापलो. नाव कुठेच नव्हतं. सातबाऱ्यावर नवरा, मग मुलगे. वंशावळीत बाप, त्याखाली लेक, त्याखाली त्याचा लेक. घराण्याच्या वंशावळी सांगत गावोगाव फिरणारे हेळवी असतात; त्यांच्यातल्या त्यांच्या घराण्याच्या हेळव्याला साडूंनी शोधून काढलं. त्याने घडाघडा पिढ्या म्हटल्या. साडूंनी विचारलं, "आन बायका?"

"बायका आमच्यात नसत्यात, दादा."

"मग ही पोरं काय पणज्याच्या पाठीवर उगवली?"

 साडूंनी त्याला तासभर झापलं, जेवायला घातलं आणि स्वतःची शाल दिली. भावकीतल्या एका मोठ्या माणसाने तर फोनवर सांगितलं, "बाईचं नाव काय करायचंय? शेत कुणाच्या नावावर हुतं ते बघा." एवढी वर्षं जिने बैल हाकले तिचं नाव काय करायचंय! हे ऐकून साडूंच्या आधी मीच फोनवर ओरडलो. साडू माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

शेवटी शिळेचा मजकूर तसाच ठेवून उद्घाटनाची तारीख ठरली. इकडे नवी मुंबईतच द्रोणागिरीला साडूंची आत्या तिच्या नातवाकडे असते. नातू कंटेनर यार्डात नोकरीला. तिला आमंत्रण द्यायला आम्ही दोघं गेलो. आत्या नव्वदीपुढची, ऐकायला कमी, म्हणून कोपऱ्यात मटकी निवडत बसलेली. साडू नातवाला सगळी कर्मकथा नेहमीच्या आवाजात सांगत होते. तो आवाज मात्र तिला ऐकू गेला.

"कुणाचं नाव इचारतूयास रं?"

"माझ्या पणजीचं. तुझ्या आज्जीचं."

"सगुणा," आत्या म्हणाली आणि एक खडा बाजूला टाकला. "मला इचारायचं की."

साडूंनी सगळ्या पुरुषांना विचारलं होतं. कचेऱ्या धुंडाळल्या होत्या. जिने पणजीच्या हातचं खाल्लं तिला विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं, आणि मला तरी कुठे सुचलं होतं?

"लई तापट बाई," आत्या सांगू लागली. "तिचा आवाज आला की बैल आपसूक चालायचं. तलाठी बांधावर आला, म्हनला, मालक मुंबईला, तर कसनारा कोन लिवू? तशी आज्जी कासरा हातात घिऊन त्याच्यापुढं गेली. म्हनली, लिव खुद्द! मी खुद्द हितं उभी हाय, दिसत न्हाई? समद्या गावानं ऐकलं. तुझ्यावानीच वरडायची बग."

 परतीच्या वाटेवर कंटेनरच्या ट्रेलरने आम्हाला अगदी चाटून ओव्हरटेक केलं, तरीसुद्धा साडू चिडले नाहीत. मीच ड्रायव्हरला दोन शिव्या घातल्या.

पुढच्या रविवारी गावी भावकीची बैठक झाली. सगळे साडूंच्या आरड्याओरड्याला तयार होऊन, उत्तरं जुळवून बसले होते. साडू उठले आणि अगदी हळू म्हणाले, "सगुणाबाईचं नाव घाला. शेत तिनं केलं." एवढंच बोलून खाली बसले. त्या आवाजाने भावकी अशी घाबरली, की कुणी हरकत घेतली नाही. शिळा पुन्हा घडवली. पणजोबांच्या नावाखाली आता त्याच मापाच्या अक्षरांत तिचं नाव आहे आणि पुढे 'शेतकरी' असं लिहिलं आहे.

मला वाटलं, झालं, आता मनुष्य पुन्हा लिफ्टवर रागवायला मोकळा. पण परवा दुपारी फोन आला आणि खिशातून काहीच ऐकू येईना. मी लेथ बंद करायला लावली.

"पाव्हणं," साडू म्हणत होते, "आत्याला परत इचारलं. सगुणा हे लग्नात सासरी ठेवलेलं नाव. माह्यारचं नाव आत्यालाबी ठाव न्हाई. तिच्या आईनं तिला काय म्हणून हाक मारली असंल हो?"

"शोधू की," मी म्हटलं.

"कुठं?"

 त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. त्या वेळी ते थोडे ओरडले असते तर मला फार बरं वाटलं असतं.