आमच्या काकूंचा लेप्रेकॉन

ओहायोतल्या डब्लिनमध्ये सेंट पॅट्रिकचा दिवस आयरिश लोक साजरा करतात, हा निव्वळ अपप्रचार आहे. तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू साजरा करतात. बाकीचं गाव नुसते हिरवे शर्ट घालून हिंडतं. आयर्लंड कुठे आहे विचारलं तर काकू "तिकडे वर, थंडीत" म्हणून हात झटकतात. पण मार्च लागला की दर शनिवारी बिल्डिंगमधली झाडून सगळी लहान मुलं तळमजल्यावरच्या कॉमन रूममध्ये बसवून शॅमरॉकचं तीन पानांचं चिन्ह छापून घेतात. ठसा ढोबळी मिरचीचा, आडवा कापलेला. त्यासाठी इंडियन स्टोअरमध्ये एकेक मिरची उलटी करून तिचे फुगवटे मोजतात. दुकानदार एकदा वैतागला, "काकू, भाजी कसली करताय एवढी?" "भाजी कोण करतंय? मला तीन पानं हवीत. चार पानांचं नशीब उघडतं म्हणे, मग नशीबवान कोण म्हणून पोरं भांडतात."

मला हा प्रकार सहन होत नसे. आयर्लंडच्या दुष्काळातून पळून आलेल्या, इथे दारोदार हाकललेल्या माणसांचा सण, आणि आपण त्याचं मिरची-छपाईकाम करायचं? मी काकूंना चांगलं तासभर ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "सांगू की मुलांना. आधी कात्री तर धरता येऊ दे."

मग बिल्डिंगच्या मालक कंपनीने कॉमन रूम बंद करून तिथे पैसे भरून वापरायची जिम काढायचं ठरवलं. मुलांना बसायला दुसरी जागा नाही. कंपनीबरोबरच्या सभेला या म्हणून मी पत्रकं छापली, दारोदार वाटली. लोकांनी ती दारातच टाकली. उरलेली काकूंनी नेली आणि कोऱ्या बाजूवर शॅमरॉक छापले! मी भडकले. "अगं, पोरांनी छापलेलं आईबाप फेकत नाहीत," काकू म्हणाल्या. ते मात्र खरं निघालं. फ्रिजवर लावताना कागद उलटला गेला, आणि सभेला पालक आले.

सभा सणाच्या आदल्या संध्याकाळी होती. काकू उशिरा आल्या, कारण त्यांना कॉमन रूममध्ये लेप्रेकॉनची पावलं काढायची होती. लेप्रेकॉन म्हणजे हिरव्या टोपीतला टीचभर खोडकर बुटका. रात्री येतो, खेळणी उलटीपालटी करतो आणि पळतो. काकू त्याची पावलं गौरीच्या पावलांसारखी काढतात: रंगात बुडवलेल्या मुठीच्या कडेने पाऊल, बोटांच्या टोकांनी पायाची बोटं. आणि फक्त आत येणारी. एक चिमुरडी दरवर्षी कुरकुरते, "बट काकू, ही हॅज टू एस्केप!" "कशाला? जेवेल, राहील."

सभेत कंपनीचा मॅनेजर म्हणाला, खोली फारशी वापरात नाही. काकूंनी हिरवा पंजा त्याच्यापुढे धरला, "युज्ड. सी." सगळे हसले, तोही हसला. निर्णय बदलला नाही.

खरं सांगते, मी दमलेय. आपण बरोबर असतो, लोकही येतात, आणि तरी हरतो. महिनाअखेरीला खोलीला कुलूप लागलं. सण केव्हाच उलटून गेला होता. शनिवारी खाली उतरले तर काकू जिन्यात गुडघ्यांवर बसलेल्या. कुलूपबंद दारापासून पायऱ्यांवरून थेट त्यांच्या फ्लॅटपर्यंत हिरवी पावलं चढत होती. मागे मुलं ओळीने उभी. त्या फ्लॅटमध्ये निम्मी मुलंही मावत नाहीत. बाकीची जिन्यातच बसणार होती.

"काकू, हा काही उपाय नाही," मी म्हटलं.

"नाहीच. तू भांड की. पण आता बस, माझी कंबर गेलीये."

मी रंगात मूठ बुडवून पायरीवर टेकवली. नुसता डाग उमटला. काकूंनी माझा हात हातात घेतला आणि एकेक बोट हलकेच सोडवलं.

"एवढी घट्ट नाही वळायची, बाळा. पाऊल उमटत नाही मग."